९० दिवस उलटले, आता कोर्टात जाता येईल का?

प्रश्न : माझे मिस्टर अंबड एमआयडीसीत एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर होते, ९ वर्षं ८ महिने, परमनंट. ३० ऑगस्ट २०२५ ला ऑर्डर नाहीत म्हणून कपातीचं पत्र हातात दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गेट बंद. एचआरचे साहेब व्हॉट्सअ‍ॅपवर सांगत राहिले की दिवाळीनंतर बोलावतो म्हणून आम्ही थांबलो, मग ह्यांना कावीळ झाली त्यात महिना गेला. नुकसानभरपाईचे पैसे ऑक्टोबरमध्ये खात्यात आले. ह्यांच्यानंतर लागलेली दोन पोरं अजून त्याच मशीनवर आहेत. आता ओळखीतले एक जण म्हणतात ९० दिवसांत कोर्टात जायचं असतं, मुदत गेली, विषय सोडा. खरंच काही होणार नाही का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, विषय अजिबात सोडू नका. ते ९० दिवस खरे आहेत, पण ते एका कायद्याचे. महाराष्ट्राचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, त्याच्या कलम २८ खाली लेबर कोर्टात तक्रार ९० दिवसांत करायची असते. तिथेही उशीर माफ होतो, कारण पटलं पाहिजे आणि कागदावर दिसलं पाहिजे. एक एसटी चुकली म्हणून स्टँड बंद होत नाही.

दुसरा रस्ता आहे कामगार उपायुक्त कार्यालयात समेटासाठी अर्ज द्यायचा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम २-अ प्रमाणे अर्जानंतर ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कामगार स्वतः कोर्टात जाऊ शकतो आणि त्याला कामावरून काढल्यापासून तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आलीय, तिच्यात तीनाची दोन झालीत. मिस्टरांना त्याआधी काढलंय, तरी वाद नको, तुम्ही दोनच धरून चाला, म्हणजे ऑगस्ट २०२७. दोन्ही रस्ते एकदम धरता येत नाहीत, १९७१ च्या कायद्याखाली केस टाकली की तोच वाद दुसरीकडे नेता येत नाही, म्हणून वकिलाशी बसून आधी ठरवा. मला विचाराल तर समेटाचा अर्ज बरा, कारण तिथे उशीर माफ करा म्हणून आधी भांडावं लागत नाही.

पण मुदत आहे म्हणून अजून थांबू नका, हे मी कळकळीने सांगते. अजैब सिंग नावाच्या कामगाराने सात वर्षं उशिरा मागणी केली होती, १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला कामावर घ्यायला लावलं, पण मधल्या सात वर्षांचा पगार नाही दिला, आणि मागणी केल्यापासूनचाही ६० टक्केच. उशिराची किंमत अशी पगारातून कापली जाते, घर चालवणाऱ्याला ते परवडत नाही.

तुमची बाजू मला मजबूत वाटते. कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, हे काढतानाच हातात पडायला हवं. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची दहा वर्षं, १५० दिवसांचा पगार. तो दीड महिन्याने आला हा मोठा मुद्दा आहे. शिवाय शेवटी आलेला आधी जातो हा नियम, वेगळं कारण लेखी दिलं नसेल तर त्या दोन पोरांच्या आधी ह्यांना कसं काढलं, ते कंपनीला सांगावं लागेल. खात्यात आलेले पैसे घेतले म्हणून हक्क जात नाही. ग्रॅच्युइटी वेगळी, ती मिळाली का तेही बघा.

एचआरचे ते मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका, स्क्रीनशॉटवर तारीख आणि नंबर दिसला पाहिजे, मेसेज कोर्टात पुरावा म्हणून देताना सोबत लागणारं सर्टिफिकेट वकील करून देतील. काविळीच्या फाईलमधले रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, मेडिकलची बिलं तारखेने लावून ठेवा. उशिराचं कारण विचारलं की “घरी अडचण होती” एवढं चालत नाही, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत काय झालं ते लिहावं लागतं.

वकिलाची फी जड वाटत असेल तर सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क दिलाय. कपातीचं पत्र, शेवटच्या काही पगाराच्या स्लिपा आणि बँकेचं पासबुक घेऊन ह्याच आठवड्यात जा, आणि अर्ज दिला की पोचचा शिक्का घेतल्याशिवाय निघू नका.