क्षमा मागून झाली, तरी मन हलकं का होत नाही?

नगरकडच्या एक ताई, वय पन्नाशीच्या आसपास. (कुणाची ओळख पटू नये म्हणून तीन-चार जणींच्या हकिगती इथे एकत्र केल्या आहेत.) सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. एका रात्री चौथ्यांदा चादर बदलताना ताईंच्या तोंडून गेलं, "सुटा एकदाच्या!" अकरा दिवसांनी सासूबाई वारल्या.

त्याला दोन वर्षं झाली. रोज रात्री ताई पलंगाशी गुडघे टेकून म्हणतात, "प्रभू, मला क्षमा कर." दहा वेळा, वीस वेळा. मध्येच लक्ष उडालं तर पुन्हा पहिल्यापासून. शुक्रवारचा उपवास धरलाय. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, रविवारी त्या जागेवरच बसून राहतात. विचारणं एकच: "देवाने माफ केलं असतं, तर मन हलकं झालं नसतं का?"

क्षमा मिळणं आणि हलकं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घोळ इथेच होतो. योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) म्हटलंय, आपण आपली पापं पदरी घेतली तर देव क्षमा करतो, कारण तो विश्वसनीय आणि न्यायी आहे. क्षमेचं कारण देवाच्या स्वभावात दिलंय. आपल्याला त्या रात्री झोप कशी लागली, याचा तिथे उल्लेखच नाही.

'पदरी घेणं' हा आपल्या बायबलमधला शब्द फार नेमका आहे. घडलं ते माझं म्हणून उचलायचं. ताईंच्या प्रार्थनेत "माझी सगळी पापं" होती. सासूबाई नव्हत्या, ती रात्र नव्हती, ते वाक्यही नव्हतं. मोघम कबुली दिली की नेमकं काय माफ झालं हे कळत नाही, म्हणून माणूस परत परत मागत राहतो.

म्हणून ताईंशी आमच्या पहिल्या भेटीत एवढंच केलं. ताईंनी देवाला सासूबाईंचं नाव घेऊन, ते वाक्य जसंच्या तसं, मोठ्याने सांगितलं. "मी दमले होते" हेही सांगितलं, पण कबुलीनंतर आणि वेगळं. आधी सांगितलं की त्याची सबब होते. दोन मिनिटं लागली, रडणं धरून दहा. मग ताईंचं नाव घालून योहानाचं ते वचन वाचलं आणि त्यांच्याच बायबलात समासात पेन्सिलीने तारीख टाकली.

त्या दिवसापासून नियम असा: या पापाची क्षमा पुन्हा मागायची नाही. आठवण आली की एकदाच म्हणायचं, "प्रभू, त्या दिवशी तू क्षमा केलीस, तुझे आभार," आणि हातातलं काम पुढे चालू. सकाळी दहा मिनिटं स्तोत्र १३० मोठ्याने वाचायचं. आठच ओव्या आहेत. रात्रीची लांब प्रार्थना महिनाभर बंद, कारण थकलेलं मन रात्रीच जास्त उकरत बसतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे बहुतेकांचं बिघडतं. आभार मानणं खोटं वाटतं, "मी स्वस्तात सुटतेय" असं वाटतं. तिथे येशूने सांगितलेली जकातदाराची गोष्ट उपयोगी पडते (लूक १८): मंदिरात प्रार्थनेला आलेला, लोक पापी समजत असा कर वसूल करणारा. त्याची प्रार्थना सहा शब्दांची: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तेवढं म्हणून तो नीतिमान ठरून घरी गेला. मंदिरात थांबून राहिला नाही.

दुसरी चूक उपवासाची. उपवास चांगलाच, पण ताईंचा उपवास नवसासारखा झाला होता: इतके शुक्रवार केले की देव ऐकेल. दया विकत घ्यायला निघालं की हिशेब कधीच पुरा होत नाही. तो त्यांनी सोडावा असं आम्ही स्पष्ट सांगितलं.

दावीद राजाचंही पाहा. "मी पाप केलं आहे," एवढं तो म्हणाला आणि नाथान संदेष्ट्याने लगेच सांगितलं, परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय (२ शमुवेल १२:१३). तरी पुढचं दुःख त्याला चुकलं नाही. सासूबाईंची आठवण येऊन ताईंना रडू येतं, ते दुःख आहे. क्षमा न मिळाल्याची खूण नव्हे.

प्रभुभोजनाला त्या घाबरत होत्या १ करिंथ ११:२७ मुळे. तिथे 'अयोग्य प्रकारे' असं आहे, म्हणजे कसं खाता हा प्रश्न. करिंथात काहीजण आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, त्यावर हे पत्र लिहिणारा पौल रागावलाय. पुढच्याच ओवीत तो म्हणतो, स्वतःला पारखा आणि मग खा. पारखा आणि उठून जा, असं म्हणत नाही.

एक मात्र जपावं. प्रार्थना मोजावी लागत असेल, एक शब्द चुकला म्हणून परत सुरुवात होत असेल, तासन्‌तास जात असतील, झोप-जेवण उडालं असेल, तर तो मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो. त्याला गोळ्या आणि उपचार आहेत. शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. ताईंना आम्ही डॉक्टरकडेही पाठवलं.

शेवटी राहिली नणंद. ते वाक्य तिने दाराआडून ऐकलं होतं. देवाची क्षमा मिळाली म्हणून तिची आपोआप मिळत नाही, ती तिच्याकडेच मागावी लागते. ताईंनी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं, त्यात स्वतःच्या दमण्याचा एक शब्द नव्हता. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी त्या उठल्या आणि भाकर घेतली. नणंदेचा फोन अजून आलेला नाही.