परदेशी थरारपट किंवा कौटुंबिक चित्रपटाचं परीक्षण लिहिताना कथा किती सांगावी?

पेच कळेल इतकी सांगा, तो सुटतो कसा ते सांगू नका. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण याच मुद्द्यावरून माझं एका संपादकांशी वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही, म्हणून पुढचं लिहितेय.

आमच्याकडच्या एका साप्ताहिकात मी चित्रपटांवर लिहायचे. असगर फरहादी यांच्या ‘अ सेपरेशन’ (२०११) या इराणी चित्रपटावर लेख दिला. बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल हे पारितोषिक, पुढच्या वर्षीचं ऑस्कर, हे एका ओळीत उरकलं आणि बाकी जागा एका प्रसंगाला दिली. नादेर आणि त्याची बायको वेगळे होतायत, त्यांना तेरमे नावाची मुलगी आहे. नादेरच्या वडिलांना स्मृतिभ्रंश झालाय. त्यांचं करायला रझिया येते, सोबत तिची लहान मुलगी. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्याचे कपडे ओले होतात. रझिया धार्मिक, परपुरुषाला हात लावायचा कसा? ती धर्माच्या जाणकारांना फोन लावून विचारते, घरात दुसरं कुणी नाही, मी कपडे बदलले तर पाप लागेल का? शेजारी उभी असलेली मुलगी हळूच म्हणते, मी बाबांना सांगणार नाही.

सासऱ्यांचं शेवटचं आजारपण मी काढलंय. तो फोन चालू असताना माझा जीव जसा टांगणीला लागला, तसा मोटारींच्या कुठल्याही पाठलागात लागलेला नाही.

लेख छापून आला आणि शेवटी एक वाक्य जास्तीचं. ‘मुलगी आईकडे जाते की वडिलांकडे, हे पडद्यावरच पाहा!’ तेही माझ्या नावावर. आता शेवट सांगावाच लागतोय, इलाज नाही. तेरमे न्यायाधीशांना म्हणते, माझं ठरलंय. आईवडिलांना बाहेर पाठवतात. दोघं व्हरांड्यात थांबलेत, मध्ये काचेचं दार, आणि नामावली सुरू होते. मुलीचं उत्तर आपल्याला मिळतच नाही! संपादकांनी चित्रपट न बघता त्याच्या शेवटाची जाहिरात केली होती. बोलणी मी खाल्ली. एका ओळखीच्या बाईंना तर वाटलं, भाड्याने आणलेल्या डीव्हीडीचा शेवटचा भाग गेलाय.

जाब विचारला तर म्हणाले, वाचकाला आमिष लागतं. आणि हा तर कौटुंबिक चित्रपट, त्यात थरार तुम्ही कुठून आणलात? साफ चूक. नादेरने ढकलल्यामुळे रझियाचं मूल पोटातच गेलं, असा त्याच्यावर आरोप होतो. ती गरोदर आहे हे त्याला ठाऊक होतं का, या एका प्रश्नावर तो खुनाच्या आरोपातून सुटणार की अडकणार हे ठरतं. रस्त्यावरचं एक दृश्य फरहादी ऐन क्षणी कापतात आणि तिथे काय झालं ते फार उशिरा कळतं. याहून थरार तो काय असतो? घरातली माणसं एकमेकांपासून काय लपवतात, हे धरून लिहा. आमिष वेगळं लावावं लागत नाही.

हे सगळीकडे चालत नाही, तेही सांगते. १९६० मध्ये ‘सायको’ लागला तेव्हा, सुरू झाल्यावर कुणाला आत सोडायचं नाही अशी अट दिग्दर्शक हिचकॉकने थिएटरवाल्यांना घातली होती. अशा चित्रपटाबद्दल सुरुवातीच्या भागापुढे एक अक्षर लिहू नका. माजिद मजिदींच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’मध्ये (१९९७) मात्र बरंच सांगता येतं. बहिणीचे बूट हरवलेत, शर्यतीत तिसऱ्या बक्षिसाला बूट आहेत, म्हणून अलीला तिसरंच यायचंय. हे खुशाल लिहा, फक्त निकाल लिहू नका.

आणि लेख देतानाच लेखी कळवा, की माझ्या मजकुरात एकही वाक्य घालायचं नाही. घालायचंच असेल तर नाव काढा. मी आता तसंच करते. त्या साप्ताहिकाला ते मान्य नव्हतं, म्हणून तिथलं लिहिणं सोडलं.