थवा उडवून मिळवलेला फोटो

प्रश्न : भिगवणला होडीवाल्याने रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उडवून दिला आणि मला झकास फोटो मिळाला. एका स्पर्धेत मात्र तो बाद झाला. उडते पक्षी टिपायचेच नाहीत का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : टिपा की! पण ते आपणहून उडतात तेव्हा. रोहिताला हवेत उठायला आधी पाण्यावर धावावं लागतं, त्यात दम जातो. चोच उलटी बुडवून, गाळ गाळून पोट भरणारा पक्षी हा; दर होडीने उठवला तर खाणार कधी? परीक्षकाला हे फोटोतच दिसतं. सगळा थवा पाठमोरा, कॅमेऱ्यापासून लांब पळणारा.

होडीत बसण्याआधीच होडीवाल्याला सांगा, "दादा, इंजिन लांबच बंद करा." चरणं सोडून माना वर झाल्या की तिथंच थांबायचं. सकाळचं ऊन पाठीशी घ्या, होडीत जमेल तितकं खाली बसा. पांढरी पिसं फोटोत पटकन जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसतात; एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा उजेड) थोडं कमीच ठेवा.

आणि न विचारता सांगतो : नुसत्या पक्ष्यांवर थांबू नका. भिगवणचा हा जलाशय १९८०च्या उजनी धरणाचा, त्यात गावंच्या गावं बुडाली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेही टिपा. होडी हाकणारा बहुतेक वेळा मासेमारच असतो. त्याची जाळी, त्याचे हात, विचारून काढा. आणि प्रिंट नक्की पाठवा. आश्वासनं त्याला पुष्कळ मिळालेली असतात.