अठरा पूर्ण होण्याआधी

प्रिय मित्रा,

रत्नागिरीच्या बालगृहात खो-खो शिकवायला जातोयस, ऐकून फार बरं वाटलं. मुलं पहिल्याच आठवड्यात तुला जीव लावतील. तरी सांगतो, त्यांच्या वतीने सगळं तू ठरवत बसू नकोस.

तिथे उठण्यापासून जेवणापर्यंत सारं घंटेवर चालतं. मूल शिस्तीत वाढतं, पण भाजीचा भाव काय, बँकेत स्लिप कशी भरायची, याच्याशी त्याची गाठ बरेचदा अठरा पूर्ण होऊन संस्था सुटल्यावरच पडते.

मैदानापासून सुरुवात कर. आठ जण बसलेले, नववा धावतोय, मागे वळायची मुभा नाही. खो कुणाला द्यायचा हे क्षणात ठरवायचं. तेवढ्यात तू बाहेरून "दे, दे" ओरडलास, की ठरवणारा तूच झालास. गप्प राहा, डाव गेला तरी चालेल. नंतर शांतपणे विचार, "तिथेच का दिलास?"

नारळी पौर्णिमेनंतर बांगडा आला की दोघातिघांना पिशवी आणि पैसे देऊन मासळी बाजारात धाड. कल्ले उघडून लाल आहेत का बघू देत, वाट्यासाठी घासाघीस करू देत, परत आल्यावर हिशेब लिहू देत. तू लांब उभा राहा.

खेळतो म्हणून अभ्यासात सूट मात्र कुणालाच नको. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण पदाची शैक्षणिक अट त्याने सुटत नाही. अनाथ मुलांसाठी २०१८ पासून शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. त्याला महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. नववीतच अधीक्षकांच्या मागे लाग, कारण संस्था सुटल्यावर त्याच कागदासाठी पोरांची वणवण होते. स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रंही जपायला हवीत, पुढे पडताळणी होते. फाइल तुझ्या कपाटात नको, ज्याची त्याच्या हाती दे. आणि अठरानंतर २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृह सुटलेल्यांसाठीच्या वसतिगृहात, राहता येतं, हे प्रत्येकाला माहीत असू दे.

शेवटचं, आणि माझ्या मनाला फार लागलेलं. गणपतीत अख्खं कोकण घरी येतं. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लागलेला आपला पोरगा त्या दिवसांत जाणार कुठे? अधीक्षकांशी आत्ताच बोलून ठेव: आरतीला आणि जेवायला जुनी मुलं येणार, त्यांची पानं धरूनच स्वयंपाक करा. आणि फोन करून त्यांना बोलाव, आपणहून यायला ती संकोचतात.

तुझे,
सर