प्रश्न तुमचे : गाठ फुटली, मग ऑपरेशन का केलं नाही?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी 21 वर्षांची, पुण्यात होस्टेलवर असते. गेल्या महिन्यात बॅडमिंटन खेळताना तिच्या ओटीपोटात उजवीकडे एकदम कळ आली, घाम फुटला, ती कोर्टवरच बसली. पाळी यायला पाच-सहा दिवस होते. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. तिथे सगळ्यात आधी लघवीवर प्रेग्नन्सी टेस्ट केली. लग्न झालेलं नाही असं सांगूनही केली, याचं मला फार वाईट वाटलं. मग सोनोग्राफीत अंडाशयातली गाठ फुटून पोटात रक्त साचल्याचं निघालं. रात्रभर ठेवून घेतलं, सारखं रक्त तपासलं आणि दुसऱ्या दिवशी दुखायच्या गोळ्या देऊन घरी सोडलं. ना गाठ काढली, ना रक्त. जाऊबाई म्हणतात, आत रक्त सडेल, पुढे मूल होणार नाही. रिपोर्टची झेरॉक्स जोडली आहे.
— एक आई, फलटण

उत्तर : ताई, आधी त्या टेस्टचं बोलू, कारण पत्रातला निम्मा राग तिथेच आहे. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत राहून नळी फुटली तरी अशीच कळ येते आणि सोनोग्राफीत तसंच रक्त दिसतं. त्या बाईला थांबवून ठेवलं तर जिवावर बेततं. साधी गाठ फुटली असेल तर बहुतेक वेळा थांबणं हाच उपचार असतो. दोन्हींत फरक सांगणारी सगळ्यात स्वस्त आणि झटपट तपासणी तीच. पाळी येण्याच्या वयातली कुणीही असं पोट धरून आली की मी ती करतेच, मग ती कॉलेजची मुलगी असो नाहीतर नसबंदी झालेली दोन मुलांची आई. मंगळसूत्र बघून तपासण्या ठरवणाऱ्या डॉक्टरकडे मी माझी भाची पाठवणार नाही. तुमच्या लेकीला दोन वाक्यांत कारण सांगायला हवं होतं, हे मात्र खरं.

आता रिपोर्ट. उजव्या अंडाशयात 4.2 सेंमीची गाठ, आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा, म्हणजे गाठीत रक्त साकळलेलं. गर्भाशयामागच्या खोलगट जागेत थोडं रक्त. यकृताखालची जागा कोरडी. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) अंडाशयाचा रक्तपुरवठा व्यवस्थित, म्हणजे पीळ पडल्याची खूण नाही. हिमोग्लोबिन रात्री 11.4, पहाटे 10.8, सकाळी 10.7. नाडी 96 वरून 82.

दर महिन्याला बीज बाहेर पडलं की त्या जागी एक पिवळसर पिंड तयार होतो. त्याच्या भिंतीत नाजूक रक्तवाहिन्या दाटीने वाढतात. कधी त्यात रक्त साचून तो फुगतो आणि पाळीआधीच्या आठ-दहा दिवसांत उडी, धक्का, शरीरसंबंध अशा कशानेही, किंवा कशाशिवायही, फुटतो. उजवीकडे हे जास्त दिसतं; डावीकडे मोठ्या आतड्याची मऊ गादी असते म्हणून, असं समजलं जातं. तारखा आणि रिपोर्ट जुळवले तर तुमच्या मुलीचं हेच झालेलं दिसतं.

मग ऑपरेशन का नाही? 10.8 आणि 10.7 हे आकडे शेजारी ठेवून बघा. पहिला उतार झालेल्या रक्तस्रावाचा, त्यात सलाईनने रक्त थोडं पातळ होतं तेही धरा. नंतर आकडा जागेवर थांबला, नाडी उतरली, वरच्या पोटात रक्त नाही. रक्त आपोआप बंद झालेलं आहे. अशा वेळी पोटात शिरून त्या पिंडाला हात लावणं म्हणजे धरलेली खपली खरवडणं. त्या दवाखान्याने रात्रभर जागून जे केलं नाही, ते बरोबर केलं. पोटातलं थोडं रक्त सडत नाही, पोटाचं अस्तर ते काही आठवड्यांत शोषून घेतं. मूल होण्याशी तर याचा संबंधच नाही. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. दुखलं की काढून टाका, ही सवय आपल्याकडे कुठवर गेली आहे ते 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या काढून टाकलेल्या गर्भपिशव्यांच्या बातम्यांत सगळ्यांनी वाचलंच.

याउलट एक नर्सिंगची विद्यार्थिनी आठवते. तिचं बीपी 110, पहिलं हिमोग्लोबिन 11, कागदावर सगळं छान. पण नाडी 124 आणि तिचं एकच म्हणणं, “मॅडम, आडवं झालं की उजवा खांदा ठणकतोय.” रक्त वर श्वासपटलापाशी पोचलं की खांदा दुखतो, कारण दोन्हींच्या नसा मानेतून एकाच ठिकाणाहून निघतात. तरुण शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं, नाडी आधी चुगली करते. दोन तासांनी हिमोग्लोबिन 8.2 आलं तेव्हा तिला टेबलवर घेतलंच होतं.

बेंबीतून दुर्बीण आणि खाली बाजूंना 5 मिमीची दोन छिद्रं. पडद्यावर आधी नुसतं लाल दिसतं. सक्शनने दीडेक लिटर रक्त आणि गुठळ्या काढल्या, सलाईनने धुतलं, तेव्हा कुठे अंडाशयावरची नखाएवढी चीर दिसली, कडेने रक्त झिरपत होतं. गाठीचं आवरण सोलून तपासणीला पाठवलं आणि झिरपणाऱ्या जागेवर बायपोलरचा, म्हणजे विजेच्या चिमट्याचा, हलका चटका दिला. हलकाच, कारण जास्त भाजलं तर आजूबाजूची बीजं जातात. त्यापेक्षा एखादा टाका बरा. अंडाशय जागेवरच ठेवलं. रक्त थांबवायचं आणि अंडाशय वाचवायचं, या वयात ऑपरेशन एवढ्यासाठीच. बीपी सावरत नसेल तर मात्र दुर्बिणीचा हट्ट न धरता सरळ पोट उघडावं लागतं.

अंडाशयाला पीळ पडला असेल, डर्मॉइड (केस, चरबी असलेली गाठ) फुटून त्यातला तेलकट चिकटा पोटात पसरला असेल, तर आकडे चांगले असूनही बहुधा ऑपरेशन लागतं. चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिओसिसची, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) फुटल्यावरही पुष्कळदा तीच वेळ येते. पाळी गेलेल्या बाईची गाठ हे वेगळंच प्रकरण, तिथे कॅन्सरची शंका आधी फेडावी लागते.

तुमच्या मुलीची सोनोग्राफी सहा आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या करा. गाठ विरलेली असेल अशी माझी अपेक्षा आहे. तशीच दिसली तर ती या जातीची नव्हती, मग पुढचं ठरवता येईल. दरम्यान चक्कर, खांदेदुखी, पोट फुगणं, ताप, उलट्यांसह नवी कळ यांतलं काही झालं तर रात्र असली तरी थांबू नका.

प्रश्न : वय 34. हृदयाची झडप बदलली आहे, रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅसिट्रॉम गोळी चालू. दोन वर्षांत दोनदा गाठ फुटून रक्त चढवावं लागलं. गोळी बंद केली तर चालेल का?
— वाचक, नांदेड

उत्तर : अजिबात नाही. धातूच्या झडपेवर गुठळी झाली तर ती गाठीपेक्षा कितीतरी घातक. तुमच्या गाठी इतरांसारख्याच आहेत, फक्त रक्त पातळ असल्याने वाहणं थांबत नाही. आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) ठरलेल्या पट्ट्यात आहे का ते वेळेवर बघत चला. आणि मुळात दर महिन्याला बीज फुटणंच थांबवता येतं. त्यासाठीच्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्याने गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून मैत्रिणीची पट्टी घेऊ नका. इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत. त्यांतला कोणता घ्यायचा ते हृदयाच्या आणि बायकांच्या डॉक्टरांनी फोनवर का होईना, एकमेकांशी बोलून ठरवायचं. तसा आग्रह तुम्ही धरा. कॉपर-टीने बीज थांबत नाही, हार्मोनच्या टीनेही खात्रीने थांबत नाही.

प्रश्न : गाठीचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पोट दुखत नाही पण दुसऱ्या दिवसापासून खांदा दुखतो. बोलू का डॉक्टरांशी?
— वाचक, चिपळूण

उत्तर : बोला, पण घाबरून नको. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, थोडा मागे राहतो आणि वर सांगितलेल्या नसेला चाळवतो. दोन-तीन दिवसांत जातो. उठून हिंडाफिरा, दिलेली वेदनाशामक घ्या. सोबत चक्कर, धडधड किंवा दम लागणं असेल तर गॅस म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी दाखवा.