अमेरिकेत माणशी एवढी ऊर्जा का लागते? हवामान आणि भूगोल हेच कारण आहे का?

अर्धं कारण म्हणा. "इथलं हवामानच तसं आहे" हे वाक्य मी माझ्या दिराकडून गेली कित्येक वर्षं ऐकतेय, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

मी ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहते. 2023 च्या उन्हाळ्यात इथे सलग 31 दिवस पारा 43 च्या वर जात होता आणि त्या वर्षी एकट्या आमच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने 645 माणसं गेली. तेव्हा एसी बंद करा असं मी कुणालाही सांगणार नाही.

पण 2011 च्या मे महिन्यात माझी आई सोलापूरहून आली होती ते सांगते. दुसऱ्याच दिवशी तिने बॅगेतून नायलॉनची दोरी काढली, बॅकयार्डात बांधली आणि चादरी वाळत टाकल्या. बाहेर कोरडं ठणठणीत ऊन, अर्ध्या तासात चादर कडक. तोपर्यंत मी सगळ्यांसारखी ड्रायर लावत होते, म्हणजे एका फेरीला तीनेक युनिट जाळायचे, वर तो ड्रायर एसीने थंड केलेली घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढीच गरम हवा फटींतून आत येते आणि एसी आणखी चालतो. आई म्हणाली, "अगं, उन्हाला पैसे पडतात का?" आठवड्याभरात आमच्या वसाहतीच्या सोसायटीचं पत्र आलं की रस्त्यावरून कपडे दिसतात, दोरी काढा नाहीतर दंड. दीर तेव्हा आमच्याकडेच होता. म्हणाला, "वहिनी, नियम म्हणजे नियम, आणि हे काय सोलापूर आहे का, वाळवंट आहे हे, इथे वीज लागणारच." आईने काही न बोलता दोरी गुंडाळून परत बॅगेत ठेवली. मला ते अजून लागतं. सोलापूरलाही पारा 44 ला जातो हो!

वाळवंट 1950 मध्येही होतंच की. तेव्हा फिनिक्सची वस्ती 1 लाख 7 हजारांच्या आसपास होती, आज 16 लाख आहे, कारण मधल्या काळात एसी घरोघरी आला. त्याआधी इथे मातीच्या विटांची जाड भिंतींची घरं होती, आमच्या आजोळच्या धाब्याच्या घरासारखी, आणि लोक रात्री ओल्या चादरी टांगून ओसरीवर झोपायचे. आता लाकडी सांगाड्याची, पातळ भिंतींची घरं, आणि सगळीकडे डांबर नि काँक्रीट, जे दिवसभर तापतं आणि रात्री ती उष्णता सोडत बसतं, म्हणजे मध्यरात्रीही एसी चालूच. हे हवामान आहे की आपण केलेलं आहे?

पाण्याचंही तेच. कोलोरॅडो नदीचं पाणी पुढे टूसॉन शहरापर्यंत जाणाऱ्या 540 किलोमीटरच्या कालव्यातून येतं आणि शेवटपर्यंत पंपांनी मिळून जवळपास 880 मीटर वर चढवावं लागतं. बऱ्याच अंशी त्या पंपांसाठी उत्तरेला पेज गावाजवळ नवाहो या इथल्या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर 2,250 मेगावॉटचं कोळशाचं केंद्र उभारलं, ते 2019 मध्ये बंद झालं. कोळसा नवाहो आणि त्यांचे शेजारी मूळनिवासी होपी यांच्या जमिनीतला, आणि हजारो नवाहो घरांत मात्र वीजच नव्हती. हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे. त्याला भूगोल म्हणू नका.

हां, तुम्ही पूर्ण देशाचं विचारलंय. जगातली 4 टक्के माणसं आणि ऊर्जा सुमारे 16 टक्के, हे सगळं काही एसीवर ढकलता येत नाही. मिनेसोटासारख्या राज्यांत हिवाळा जीवघेणा असतो, आणि देशभरात घरं थंड ठेवण्यापेक्षा गरम ठेवायलाच जास्त ऊर्जा जाते. शिवाय अंतरं लांब, 1956 च्या महामार्ग कायद्यानंतर देशभर हायवे झाले, उपनगरं पसरली, दूध आणायलाही गाडी काढावी लागते. कारखान्यांचा वाटाही मोठा आहे, त्यात मी शिरत नाही.

इकडे घर घेणार असाल तर सोसायटीच्या नियमांचं बाड आधी वाचा, कपडे वाळत घालायला बंदी आहे का ते बघा, असेल तर पहिल्याच मीटिंगला भांडा. कॅलिफोर्नियात 2015 मध्ये दोरीच्या बाजूने कायदा झाला. आईच्या दोरीच्या वेळी मी गप्प बसले. मागच्या वर्षी गॅरेजच्या मागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशी दोरी बांधली आहे, मे ते सप्टेंबर ड्रायर लावत नाही, आणि दीर आला की त्याचेही शर्ट तिथेच वाळतात.