पहिला प्राणी शोधतोयस? मामा तलावावर जा

बाबू, प्राण्यांचे संघ (वर्गीकरणातले मोठे गट) पाठ करत बसू नकोस. उन्हाळ्यात गावच्या मामा तलावाचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं, पाणी उतरलं की बुडालेल्या फांद्या आणि पाळीचे (बांधाचे) दगड उलटून बघ. हिरवट-करडा, बारीक छिद्रांचा खरखरीत थर दिसला तर तो गोड्या पाण्यातला स्पंज असू शकतो. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारख्या सुया दिसतील. खसखशीएवढे पिवळट दाणेही असतील. थर वाळून मेला तरी ते तग धरतात आणि पाणी आलं की त्यातून नवा स्पंज वाढतो.

स्पंजाला ना मज्जातंतू, ना स्नायू. त्याच्या कॉलर पेशी (पाणी खेचून अन्न गाळणाऱ्या पेशी) कोआनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवासारख्या दिसतात, आणि प्राण्यांचे सगळ्यात जवळचे नातलग तेच. म्हणून प्राण्यांच्या वंशवृक्षाची पहिली फांदी स्पंजाची, असं मानत. २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून ती फांदी समुद्रातल्या कंकतधरांची (कोम्ब जेली या जेलीसारख्या प्राण्यांची), असा दावा पुढे आला. २०२३ मध्ये गुणसूत्रांवरच्या जनुकांच्या मांडणीनं त्याला बळ मिळालं. मला तो पुरावा भक्कम वाटतो, पण वाद मिटलेला नाही. दोन्ही बाजू वाच.

नुसत्या आकारावर मात्र कधीच विसंबू नकोस. भीमबेटक्याच्या गुहेत डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा जीवाश्म सापडल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. २०२३ मध्ये कळलं, तो मधमाश्यांच्या कुजलेल्या पोळ्याचा डाग होता!

नमुना घेताना दाण्यांसकट नखाएवढाच तुकडा खरवड, फांदी होती तिथेच ठेव.